बाप्तिस्म्याच्या हौदाचा पाइप

माझ्या बायकोला आमच्या भागात सगळे बाटलीबाई म्हणतात. नवीन माणूस ते ऐकून माझ्याकडे कीव केल्यासारखं बघतो. बाटली दारूची नाही, पाणी तपासायची आहे, हे मी आता समजावून सांगायचं सोडून दिलंय. आयुष्यात ती कधी कशाने झिंगली असेल तर ती कामाने.

मी मिस्त्री. बांधकाम, नळ, गटार, जे हाताला लागेल ते. बोलायला फटकळ आहे. देवाच्या बाबतीत बावीस वर्षं मी दाराबाहेर उभा होतो. बायको चर्चमध्ये जायची, मी तिला दारापर्यंत सोडायचो आणि समोरच्या कट्ट्यावर वर्तमानपत्र वाचत बसायचो. तिने कधी ओढलं नाही, की टोमणा मारला नाही. घरी प्रार्थना करताना माझं नाव मात्र रोज घ्यायची, तेही मला ऐकू जाईल इतक्या आवाजात. याला तुम्ही काय म्हणाल ते म्हणा, मी चिवटपणा म्हणतो.

मिशनचं पाण्याचं काम आमच्या चर्चमध्ये आलं त्याला दोन वर्षं झाली. त्यांची पद्धत अशी की ते गावोगाव दवंडी पिटत नाहीत. चर्चच्या मंडळीला हाताशी धरतात. विहीर, संडास, हात धुवायची जागा, सगळं चर्चच्या आवारात, पण वापर सगळ्यांना. मंडळीतल्याच एका माणसाला पाणी तपासायला शिकवतात. त्या कामासाठी कुणी हात वर करेना. माझी बायको सातवी शिकलेली, लोकांच्या घरी कपडे धुणारी, तिने केला.

तपासणी अशी. बोटाएवढी काचेची बाटली, तळाशी चिमूटभर पूड. पंपाचं तोंड पेटत्या बोळ्याने भाजायचं. शंभर वेळा दांडा मारून पाणी वाहू द्यायचं. मग बाटलीच्या तोंडाला बोट न लावता खुणेपर्यंत भरायची, झाकण घट्ट, आणि दोन दिवस उबेत ठेवायची. पाणी जसंच्या तसं राहिलं तर बरं. काळं झालं तर त्यात संडासाची घाण आहे. आमच्याकडे हवा गार, आणि उबेची पेटी मिशनने दिली नव्हती. मग बायकोने कापडाची पिशवी शिवली आणि बाटली कमरेला, कातडीला लागून बांधायला लागली. दोन दिवस, झोपताना सुद्धा. मी म्हणायचो, "माझ्यापेक्षा त्या बाटलीला जास्त जवळ घेतेस." ती म्हणायची, "ती घोरत नाही."

विहिरीचं आणि संडासांचं सगळं बांधकाम मी केलं. मंडळीत नव्हतो, पण मिस्त्री मीच होतो. विहीर बांधून वर झाकण टाकलं, हातपंप बसवला. तिथून तीस पावलांवर चार संडास आणि त्यांचा शोषखड्डा. आणि चर्चच्या आत, व्यासपीठासमोर, जमिनीखाली बाप्तिस्म्याचा हौद. एरवी त्यावर फळ्या असतात. बाप्तिस्मा असला की फळ्या काढतात, हौद भरतात, माणसं कमरेइतक्या पाण्यात उतरतात आणि पाळकसाहेब त्यांना पूर्ण बुडवून वर काढतात. तीन हजार लिटर पाणी मावतं. उपासना संपली की बूच काढतात, अर्ध्या तासात हौद रिकामा.

आता ते पाणी जातं कुठे, हे सांगताना आजही माझी जीभ जड होते. मिशनच्या नकाशात त्याला वेगळा खड्डा होता, मागच्या भिंतीपलीकडे, चाळीस फुटांवर. मी हौदाकडून चर खणायला घेतला आणि सहा फुटांवर कातळ लागला. उद्घाटनाला तीन दिवस उरले होते. संडासाचा खड्डा तिथून बारा फुटांवर होता, जमीन मऊ. मी हौदाचा पाइप त्या खड्ड्यात सोडला आणि वरून माती लोटली. मनाशी म्हटलं, पाणीच तर आहे, तेही बाप्तिस्म्याचं, त्याने कुणाचं काय वाकडं होणार? उद्घाटनाला पाळकसाहेबांनी माझ्या कामाचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

वर्षभर बाटल्या स्वच्छ येत होत्या. मग एक काळी आली, विहिरीत औषध टाकलं, पुन्हा स्वच्छ. काही महिन्यांनी दुसरी. तिसरी काळी आली ती दोन महिन्यांपूर्वी, आणि त्या वेळी सात घरांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. शेजारच्या शिंपीणबाईंची नात तर हातची जायची वेळ आली. पाच वर्षांची पोर. तिला दवाखान्यात मीच उचलून नेलं. मान लटकत होती, ओठ सुकलेले. सलाईन लावताना नर्सला शीर सापडेना तेव्हा शिंपीणबाईंनी माझा दंड असा आवळला की पाच बोटं उमटली.

तीन आठवड्यांनी मिशनच्या ताई आल्या, विहिरीचं पाणी मोठ्या प्रयोगशाळेत नेलं. तिथे स्वच्छ निघालं. झालं, हेडमास्तरांना तेवढंच पुरे होतं. हेडमास्तर म्हणजे मंडळीचे मोठे पंच, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी हातात अजून खडू असल्यासारखे बोलणारे. ते म्हणाले, "विहीर स्वच्छ आहे, हे प्रयोगशाळा सांगते. मग बाटली काळी कशी? हात लागला म्हणून. आणि रविवारी चर्चमधलं प्यायचं पाणी कोण भरतं? तेच हात." बायको समोरच बसली होती.  तिने घरी येऊन हात धुतले.

तेव्हापासून ती हात धुतच राहिली. साबणाने, मग फरशी पुसायच्या औषधाने. बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या, त्यांतून रक्त यायचं. मी ओरडायचो, ती ऐकायची नाही. आणखी एक गोष्ट तिने बंद केली. शिंपीणबाईंच्या नातीची वेणी रोज सकाळी माझी बायको घालायची, आजीची नजर अधू म्हणून. पोर बरी होऊन कधीच घरी आली होती, पण ही काही तिकडे जाईना. पोर दारात कंगवा घेऊन उभी राहायची, ही आतूनच म्हणायची, "आज काम आहे गं." मला वाटलं, पोर अजून अशक्त आहे म्हणून असेल. नवऱ्यांना काय कळतं?

याच दोन महिन्यांत मी बाप्तिस्म्याला तयार झालो. ती पोर वाचली त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्या तोंडून पहिल्यांदा प्रार्थना निघाली, एवढंच सांगतो. बायकोला सांगितलं तेव्हा ती खाली बसली आणि पदर तोंडावर घेऊन रडली. बावीस वर्षांचं रडणं होतं ते.

बाप्तिस्मा घेणाऱ्यांचा वर्ग दर गुरुवारी पाळकसाहेबांच्या खोलीत भरायचा. शेवटच्या गुरुवारी मी लवकर पोचलो. भिंतीवर आधीच्या बाप्तिस्म्यांच्या तारखांचा तक्ता होता. हौद बांधल्यापासून तीन.  त्या तारखा मी कुठेतरी पाहिल्या होत्या. घरी येऊन बायकोची बाटल्यांची वही उघडली. तिन्ही काळ्या बाटल्या बाप्तिस्म्यानंतरच्या आठवड्यातल्या.

मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती विहीर मी खणली होती. दहा फुटांवर वाळूचा पट्टा लागला होता, तो संडासाकडूनच येत होता. एरवी त्या खड्ड्यात पाणी थोडं, घाण जागच्या जागी मुरते. पण अर्ध्या तासात तीन हजार लिटर आत कोसळलं की खड्डा काठोकाठ भरतो आणि सगळी घाण वाळूतून विहिरीकडे रेटली जाते. दोन-तीन आठवड्यांत औषधाने पाणी निवळतं. मग प्रयोगशाळेला काय सापडणार, कपाळ?

रविवारी पुन्हा बाप्तिस्मा होता. नऊ जण, त्यात मी. दुपारी बूच निघणार आणि सोमवारपर्यंत ती घाण सगळ्यांच्या घागरीत येणार.

सांगायला हवं होतं. त्याच क्षणी उठून पाळकसाहेबांच्या दारात जायला हवं होतं. मी मूग गिळून बसलो. कारण सांगतो, लपवत नाही. मिस्त्रीकडे नावाशिवाय असतं काय? आणि बायकोला काय सांगू? की इतके दिवस तू ज्यासाठी बोलणी खातेस ते माझं पाप आहे?

शुक्रवारी पंचांची बैठक झाली. बाटल्यांची पिशवी बायकोकडून काढून घ्यायची, रविवारी उपासनेनंतर तसं जाहीर करायचं, असं ठरलं. पाळकसाहेबांचा जीव होत नव्हता, पण हेडमास्तरांपुढे त्यांचं चाललं नाही. तिने ते ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "रविवारी तुमचं एवढं चांगलं होतंय, त्यापुढे पिशवीचं काय घेऊन बसलात." आणि मोरीत जाऊन हात घासायला लागली. मी बाहेर पायरीवर बसून तो ब्रशचा आवाज ऐकत होतो.

शनिवारी मी ठरवलं, पाइपच बंद करून टाकायचा. सिमेंट, चिंध्या, थापी पिशवीत घातली आणि दुपारी आवारात गेलो. पाइपचं तोंड उघडं करायला अर्धा तास, बुजवायला दहा मिनिटं. हौद रिकामा होणार नाही, लोक म्हणतील तुंबला, मग मी सावकाश नवीन लाइन टाकीन, कुणाला पत्ता लागणार नाही. इतकं सगळं डोक्यात होतं. संडासांच्या मागे वळलो तर बायको तिथे गुडघ्यांवर बसून फरशी घासत होती.

"तुम्ही इथे कसे?"

"सहज. बघायला."

"बघा, बघा," ती हसून म्हणाली. "उद्या पाहुणे येतील, तुमचा दिवस आहे. कुणी नाक मुरडायला नको."

हातांना फडकी गुंडाळली होती तिने, त्यांवर लाल डाग. माझ्या पिशवीकडे बघून म्हणाली, "आज सुट्टी घेतलीत ना, मग थापी कशाला बरोबर?" मी म्हटलं, "सवय." आणि घरी परत आलो. आत हौद भरायला सुरुवात झाली होती, नळाचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता.

रविवारी चर्च भरलेलं होतं. आम्ही नऊ जण पांढरे अंगरखे घालून पुढच्या बाकावर. आमच्या चर्चची रीत अशी की पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाने हौदाच्या काठावर उभं राहून साक्ष द्यायची. प्रभूने माझ्यासाठी काय केलं, दोन-चार वाक्यांत. माझी साक्ष बायकोने माझ्याकडून पाठ करून घेतली होती. माझा नंबर सातवा.

पहिला उतरला, बुडाला, वर आला, लोकांनी गाणं म्हटलं. दुसरा. तिसरी एक तरुण मुलगी. प्रत्येकाबरोबर पाणी काठावर हिंदकळायचं आणि मला हौदाच्या तळाचं ते बूच दिसायचं. त्याला साखळी मीच लावली होती.  चौथा झाला, पाचवा. मागे वळून पाहिलं. दुसऱ्या रांगेत शिंपीणबाई, मांडीवर नात, केस नुसतेच रबराने बांधलेले. त्यांच्या पलीकडे एक जागा सोडून माझी बायको. हात पदराखाली लपवलेले. पिशवी पायाशी, हेडमास्तरांना द्यायला धुऊन आणलेली.

सहावा वर आला. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

मी काठावर जाऊन उभा राहिलो. पाठ केलेलं पहिलं वाक्य म्हटलं, "बावीस वर्षं मी दाराबाहेर होतो." पुढचं आठवत होतं, तोंडातून निघेना. मग मी म्हटलं, "या हौदाचा पाइप मी संडासाच्या खड्ड्यात सोडलाय."

कुणाला काही कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं, सगळं. कातळ, बारा फूट, वाळूचा पट्टा, तीन तारखा, तीन बाटल्या. "सात घरं आजारी पडली ती माझ्यामुळे. बाटल्या खऱ्या होत्या. माझ्या बायकोच्या हातात काही नव्हतं. आज बूच काढू नका." एवढं बोलून मी थांबलो. 

शिंपीणबाई उठल्या. नात त्यांच्या कडेवर. शांतपणे विचारलं, "हे तुला कधी कळलं?"

"गुरुवारी."

"आज रविवार," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हेडमास्तर काहीतरी बोलायला उठले, पाळकसाहेबांनी पाण्यातूनच हात करून त्यांना बसवलं. मग माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता जवळ घेतील. ते म्हणाले, "मिस्त्री, आज तुमचा बाप्तिस्मा होणार नाही. आधी पाइप. हौद भरलेलाच राहील." आणि आठव्याला बोलावलं.

मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. पदराखालून हात बाहेर काढून ती त्यांच्याकडेच बघत होती, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

पुढचे तेरा दिवस मी कातळ फोडला. चाळीस फूट, पहार आणि घणाने. आधी जुना पाइप कापून सिमेंटने बुजवला, मग नवीन चर. तिसऱ्या दिवशी हेडमास्तर आले, कोट काढून ठेवला आणि पहार मागितली. त्यांना ती धरता येत नव्हती. दोनदा स्वतःच्या पायावर पडता पडता वाचले. पण रोज यायचे, आणि खडूच्या आवाजात मला सांगायचे की चर वाकडा जातोय. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्या घरी जाऊन बायकोची माफी मागितली. ती म्हणाली, "बसा, पाणी देते," आणि उकळून गार केलेलं पाणी त्यांच्यापुढे ठेवलं. ते सगळं पाणी प्यायले.

माझ्याशी ती बोलत नव्हती. जेवण वाढायची, कपडे धुवायची, आवारात डबा आणून ठेवायची. प्रार्थनेत माझं नाव यायचं की नाही कळायला मार्ग नव्हता, कारण आता ती मनातल्या मनात प्रार्थना करायची. मी एकदा तिच्या हातांना मलम लावायला गेलो. तिने डबी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः लावलं.

चौदाव्या दिवशी, रविवारी, माझा बाप्तिस्मा झाला. पाणी बर्फासारखं गार आणि वर दोन पाखरं मरून तरंगत होती. या वेळी साक्ष मागितली नाही कुणी. उपासनेनंतर बूच मी स्वतः काढलं आणि पाणी भिंतीपलीकडच्या नवीन खड्ड्यात पडतंय हे कान लावून ऐकलं.

सोमवारी बायकोने पंपाचं तोंड भाजलं, शंभर वेळा दांडा मारला, बाटली भरली. झाकण लावून ती माझ्यासमोर आली, माझा शर्ट वर केला आणि पिशवी माझ्या कमरेला बांधली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा बोलली. "आता तुम्ही ठेवा."

दोन दिवस त्या बोटाएवढ्या काचेने माझे हाल केले.  वाकलो की वाटायचं फुटली. बसलो की वाटायचं काळी झाली. दर तासाला बाहेर काढून उजेडात धरायचो. पाइप नीट आहे हे मला माहीत होतं, मी हाताने घातला होता. पण आधीचाही मीच घातला होता. बायको लांबून बघायची. शेवटी म्हणाली, "सारखी काढू नका, गार पडते. मी दोन वर्षं नाही काढली."

बुधवारी दुपारी तिने पिशवी सोडली आणि बाटली खिडकीशी नेली. मी तिच्या मागे उभा.  तिने बाटली फिरवली, उलटी केली, पुन्हा सरळ केली.

पाणी स्वच्छ होतं.

तिने वहीत तारीख घातली, पुढे 'स्वच्छ' लिहिलं, पेन ठेवलं. मग खुर्चीत बसली आणि दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. भेगा भरत आल्या होत्या.

"मला खरंच वाटलं होतं हो," ती म्हणाली, "की पोर माझ्या हातांमुळे मरायला टेकली. देवाला विचारायचे, कसली घाण आहे माझ्या हातांना, की धुऊन जात नाही. म्हणून तिला हात लावत नव्हते. आणि तुम्ही तीन दिवस बघत बसलात."

"हो," मी म्हणालो. 

 ती उठली, फणी आणि तेलाची बाटली घेतली आणि शेजारी गेली. शिंपीणबाईंच्या नातीचा आवाज भिंतीतून येत होता, दोन वेण्या घाल, एक नको, असं काहीतरी. अर्ध्या तासाने बायको परत आली आणि विचारलं, "चहा टाकू का तुम्हाला?"